लान्सलॉट हॉगबेन

लान्सलॉट थॉमस हॉगबेन (जन्म : साउथसी, इंग्लंड, ९ डिसेंबर १८९५, मृत्यू : रेक्सम, वेल्स, २२ ऑगस्ट १९७५) हे ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ, वैद्यकीय संख्याशास्त्रज्ञ आणि विज्ञानलेखक होते. सामान्य वाचकांना ते ‘मॅथेमॅटिक्स फॉर द मिलियन’ या गणितविषयक ग्रंथाचे लेखक म्हणून परिचित आहेत. जीवशास्त्राच्या इतिहासात मात्र बेडकाच्या त्वचेचा रंग कसा बदलतो, या प्रश्नाचा प्रयोगांच्या आधारे छडा लावणारे संशोधक म्हणून त्यांचे स्थान आहे. हा रंगबदल मज्जातंतूंच्या आज्ञेने नव्हे, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतून रक्तात मिसळणाऱ्या स्रावामुळे होतो, हे त्यांच्या प्रयोगांनी सिद्ध झाले. याच अभ्यासाच्या ओघात त्यांनी प्रयोगशाळेत आणलेल्या आफ्रिकी बेडकावर पुढे गर्भनिदानाची एक जगप्रसिद्ध चाचणी उभी राहिली. युद्धविरोधी भूमिकेमुळे त्यांनी कारावास भोगला, वर्णभेदाच्या तिटकाऱ्याने दक्षिण आफ्रिकेतील प्राध्यापकपद सोडले आणि सुप्रजाजननाच्या नावाखाली पसरवल्या जाणाऱ्या वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांवर शास्त्रीय पायावर टीका केली.

बालपण व शिक्षण

हॉगबेन यांचा जन्म पोर्ट्स्मथ या बंदराच्या शहराला लागून असलेल्या साउथसी येथे झाला. अपेक्षित वेळेच्या सुमारे दोन महिने आधीच ते जन्मले आणि जगतील की नाही याची शाश्वती नव्हती. घरातले वातावरण कर्मठ ख्रिस्ती श्रद्धेचे होते. मूल वाचले तर ते वैद्यकीय मिशनरी म्हणून धर्मकार्याला वाहीन, असा संकल्प त्यांच्या आईने केला होता. पुढे कुटुंब लंडनला आले आणि टॉटनम येथील शाळेत त्यांचे शिक्षण झाले. शिष्यवृत्ती मिळवून ते केंब्रिज विद्यापीठाच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले व तेथे त्यांनी वैद्यकशास्त्राकडे नेणारा शरीरक्रियाविज्ञानाचा अभ्यास केला. १९१५ मध्ये ते पदवीधर झाले.

केंब्रिजमध्ये त्यांच्या विचारांना वेगळे वळण लागले. आईचा संकल्प मागे पडला. ते समाजवादी विचारांकडे ओढले गेले आणि इंडिपेंडंट लेबर पार्टीचे सक्रिय सभासद झाले. याच काळात शांततावादी क्वेकर पंथाशी त्यांची जवळीक झाली. उत्तरायुष्यात त्यांनी धर्मश्रद्धा पूर्णपणे सोडली आणि वैज्ञानिक मानवतावादाचा स्वीकार केला; तथापि मनाला न पटणारी गोष्ट किंमत मोजूनही न करण्याची वृत्ती त्यांच्यात अखेरपर्यंत टिकली.

युद्धाला विरोध व कारावास

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा हॉगबेन यांनी शस्त्र हाती घेण्यास नकार दिला. मदतकार्याला मात्र त्यांची ना नव्हती. क्वेकर मंडळींच्या पथकांतून त्यांनी फ्रान्समध्ये काही महिने युद्धपीडितांसाठी काम केले. १९१६ मध्ये ब्रिटनमध्ये सक्तीची सैन्यभरती लागू झाल्यावर सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून त्यांनी ती नाकारली. परिणामी लंडनच्या वर्मवुड स्क्रब्ज तुरुंगात त्यांची रवानगी झाली. तेथे त्यांची प्रकृती ढासळली आणि १९१७ मध्ये त्यांची सुटका करण्यात आली.

१९१८ मध्ये त्यांनी एनिड चार्ल्स यांच्याशी विवाह केला. एनिड चार्ल्स या गणित व संख्याशास्त्र जाणणाऱ्या, समाजवादी आणि स्त्रीस्वातंत्र्यवादी विचारांच्या विदुषी होत्या. घटत्या जन्मदरावरील ‘द ट्वायलाइट ऑफ पेरेंटहुड’ (१९३४) हा त्यांचा ग्रंथ लोकसंख्याशास्त्रात महत्त्वाचा मानला जातो. बेडकांवरील काही शोधनिबंधांतही त्या हॉगबेन यांच्या सहलेखिका होत्या. या दांपत्याला चार अपत्ये झाली.

बेडकाच्या रंगबदलाचा प्रश्न

तुरुंगातून सुटल्यानंतर हॉगबेन यांनी लंडनच्या बर्कबेक कॉलेजात आणि नंतर इम्पीरियल कॉलेजात अध्यापन केले. या सुमारास बेडकाच्या त्वचेने त्यांचे लक्ष वेधून घेतले.

एकच बेडूक ओल्या, थंड व अंधाऱ्या जागी ठेवला तर काळपट होतो. कोरड्या, उबदार व प्रकाशित जागी ठेवला तर फिकट पडतो. ही गोष्ट निसर्गनिरीक्षकांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. जंतुनाशक शस्त्रक्रियेचे जनक म्हणून पुढे विख्यात झालेल्या जोसेफ लिस्टर यांनी १८५८ मध्ये बेडकाच्या त्वचेतील रंगयंत्रणेवर निबंध प्रसिद्ध केला होता. पार्श्वभूमीनुसार होणाऱ्या रंगबदलासाठी डोळे आवश्यक असतात, हे त्यांनी दाखवून दिले होते.

त्वचा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की रंगबदलाचे दृश्य कारण स्पष्ट होते. बेडकाच्या त्वचेत फांद्याफांद्यांच्या आकाराच्या काळ्या रंगपेशी (मेलॅनोफोर) असतात. त्यांच्यात मेलॅनिन या रंगद्रव्याचे अतिसूक्ष्म कण असतात. हे कण पेशीच्या मध्यभागी गोळा झाले की प्रत्येक पेशी एका टिंबाएवढी दिसते आणि त्वचा फिकट भासते. तेच कण फांद्यांच्या टोकांपर्यंत पसरले की काळ्या रंगाचे जाळे तयार होते आणि त्वचा गडद होते. म्हणजे या बदलात रंगद्रव्य नव्याने तयार होत नाही की नष्टही होत नाही. असलेल्या कणांची जागा तेवढी बदलते.

खरा वाद होता तो या कणांना हुकूम कोण देतो, याबद्दल. डोळ्यांना दिसलेले त्वचेपर्यंत पोहोचायचे तर ते मज्जातंतूंमार्फतच पोहोचणार, असे एकोणिसाव्या शतकातील बहुतेक अभ्यासक गृहीत धरून चालले होते. १९१६ मध्ये अमेरिकेत पी. ई. स्मिथ आणि बी. एम. ॲलन यांनी स्वतंत्रपणे केलेल्या प्रयोगांतून या समजाला पहिला धक्का बसला. बेडकाच्या भ्रूणातील पोष ग्रंथीचा अंकुर काढून टाकला तर त्यापासून वाढणारे भैरोळे चांदीसारखे पांढुरके राहतात, असे त्यांना आढळले. परंतु पूर्ण वाढलेल्या बेडकात क्षणोक्षणी जुळवून घेणाऱ्या रंगबदलाचा या ग्रंथीशी संबंध आहे का, हे त्यावरून ठरत नव्हते.

लंडन व एडिनबरा येथील प्रयोग

हॉगबेन यांनी फ्रँक विंटन यांच्या साहाय्याने या प्रश्नाची पद्धतशीर उकल केली. १९२२ व १९२३ मध्ये त्यांचे निबंध रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाले. युरोपातील सर्वसामान्य बेडूक (राना टेम्पोरारिया) हा त्यांचा प्रयोगप्राणी होता.

त्यांची रीत साधी व काटेकोर होती. प्रथम त्यांनी फिकट बेडकाला पोष ग्रंथीच्या पश्चखंडाचा अर्क टोचला. अत्यल्प मात्रेतही बेडूक गडद झाला. नंतर त्यांनी मज्जातंतूंचा प्रश्न हाती घेतला. त्वचेकडे जाणारे मज्जातंतू तोडले तरी रंगबदल थांबत नाही, असे दिसून आले. अखेरीस सर्वांत अवघड शस्त्रक्रिया त्यांनी केली : प्रौढ बेडकाची पोष ग्रंथी काढून टाकून त्याला जिवंत ठेवले. असे बेडूक ओल्या, थंड, अंधाऱ्या जागी ठेवूनही फिकटच राहिले. त्यांना अर्क टोचताच मात्र ते गडद झाले. ग्रंथी काढली की गुण जातो आणि तिचा अर्क दिला की गुण परत येतो, हा दुहेरी पुरावा निर्णायक ठरला.

याचा अर्थ असा की बेडकाची त्वचा रक्तातून येणाऱ्या रासायनिक निरोपाला प्रतिसाद देते. म्हणूनच बेडकाच्या रंगबदलाला वेळ लागतो. पुढे १९२८ मध्ये हॉगबेन व एल. मिर्विश यांनी दक्षिण आफ्रिकेतील घोयऱ्या सरड्याच्या कुळातील सरड्यांवर प्रयोग केले. तेथे उलट चित्र दिसले : सरडा उत्तेजित झाल्यावर त्याच्या त्वचेला येणारा फिकटपणा मज्जातंतूंच्या नियंत्रणाखाली असतो आणि म्हणून तो झपाट्याने घडतो. वरवर सारखी दिसणारी कृती दोन प्राण्यांत दोन निराळ्या यंत्रणांनी घडते, हे यातून स्पष्ट झाले.

१९२२ मध्ये हॉगबेन एडिनबरा येथे प्राणिपैदास संशोधन विभागात फ्रान्सिस क्रू यांच्यासमवेत काम करू लागले. १९२३ मध्ये क्रू, ज्युलियन हक्सली आणि हॉगबेन यांच्या पुढाकाराने प्रायोगिक जीवशास्त्राला वाहिलेली संस्था (सोसायटी फॉर एक्सपेरिमेंटल बायॉलॉजी) व तिच्याशी निगडित नियतकालिक सुरू झाले. प्राण्यांचे केवळ वर्णन व वर्गीकरण करण्यावर न थांबता त्यांच्यावर प्रयोग करून कार्यकारणभाव शोधावा, ही या मंडळींची भूमिका होती. १९२४ मध्ये हॉगबेन यांनी रंगबदलाविषयीचे तोवरचे सर्व ज्ञान ‘द पिग्मेंटरी इफेक्टर सिस्टिम’ या ग्रंथात एकत्र मांडले. १९२५ मध्ये ते कॅनडातील माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात गेले.

केपटाउन आणि झेनोपस

१९२७ मध्ये हॉगबेन केपटाउन विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथील तळ्याडबक्यांत मुबलक सापडणारा एक बेडूक त्यांच्या संशोधनाला अतिशय अनुकूल ठरला. झेनोपस लीव्हिस हे त्याचे शास्त्रीय नाव. त्याच्या मागच्या पायांच्या काही बोटांना काळ्या नख्या असतात, म्हणून त्याला नखधारी बेडूक म्हणतात. त्याला जीभ नसते, तो जवळजवळ सारे आयुष्य पाण्यातच काढतो आणि बंदिस्त जागेत वर्षानुवर्षे निरोगी राहतो.

रंगबदलाच्या अभ्यासासाठी हा बेडूक युरोपीय बेडकापेक्षा कितीतरी सरस होता. युरोपीय बेडकावर ओलावा व तापमान यांचा परिणाम अधिक होतो. त्यामुळे डोळ्यांना दिसणाऱ्या पार्श्वभूमीचा परिणाम वेगळा काढणे अवघड जाते. झेनोपस मात्र पार्श्वभूमीला ठळक प्रतिसाद देतो. वरून सारखाच प्रकाश ठेवून त्याला पांढऱ्या तळाच्या भांड्यात ठेवले तर तो फिकट पडतो आणि काळ्या तळाच्या भांड्यात ठेवले तर गडद होतो. पाण्यातील प्राणी असल्याने हवेतील आर्द्रतेचा प्रश्नही उरत नाही.

येथेच त्यांनी डेव्हिड स्लोम यांच्यासह रंगबदल मोजण्याची एक सोपी पद्धत रूढ केली. पायाच्या बोटांमधील पातळ पडदा जिवंत बेडकातच सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आणि रंगपेशीच्या आकारानुसार तिला १ ते ५ असे अंक द्यायचे. कण पूर्ण गोळा झालेली टिंबासारखी पेशी म्हणजे १ आणि पूर्ण पसरलेली जाळीदार पेशी म्हणजे ५. गडद, फिकट यांसारख्या नजरेच्या अंदाजांना त्यामुळे अंकांचे रूप आले. मेलॅनोफोर निर्देशांक या नावाने ही पद्धत नंतरच्या अनेक दशकांत जगभर वापरली गेली.

केपटाउनच्या वास्तव्यात हॉगबेन यांचा तात्त्विक वादांतही सहभाग होता. सजीव हा त्याच्या घटकांच्या बेरजेहून अधिक काही असतो, हे प्रतिपादन करणारा साकल्यवाद जॅन स्मट्स या तेथील ज्येष्ठ राजकारण्याने १९२६ मध्ये मांडला होता. सजीवांच्या वर्तनाचे स्पष्टीकरण प्रयोगाने तपासता येणाऱ्या यंत्रणेतच शोधले पाहिजे, असे हॉगबेन यांचे मत होते. ‘द नेचर ऑफ लिव्हिंग मॅटर’ (१९३०) या ग्रंथात त्यांनी ते सविस्तर मांडले.

संशोधनाला सर्व सोयी असतानाही दक्षिण आफ्रिकेतील समाजव्यवस्था त्यांना सहन झाली नाही. माणसाच्या त्वचेच्या रंगावरून त्याचे हक्क, शिक्षण व राहण्याची जागा ठरवणारे कायदे तेथे एकामागून एक होत होते. त्या धोरणांचा त्यांना मनस्वी तिटकारा होता आणि देश सोडण्यामागे तेच मोठे कारण ठरले. १९३० मध्ये ते लंडनला परतले; येताना त्यांनी झेनोपसची एक वसाहतही सोबत आणली.

दुहेरी नियंत्रणाचा सिद्धांत

१९३१ मध्ये हॉगबेन व स्लोम यांनी उभयचरांच्या रंगबदलाचे नियंत्रण दुहेरी असते, असा सिद्धांत मांडला. पोष ग्रंथीतून दोन स्राव येतात. एक त्वचा गडद करतो व दुसरा तिला फिकट करतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. काळ्या व पांढऱ्या या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्यांना ‘बी’ आणि ‘डब्ल्यू’ अशी नावे देण्यात आली. डोळ्यातील पडद्याचे निरनिराळे भाग हे दोन स्राव चालू-बंद करतात; पांढऱ्या तळावरून परावर्तित होऊन खालून वर येणारा प्रकाश पडद्याच्या ज्या भागावर पडतो, तो भाग थेट वरून येणाऱ्या प्रकाशाच्या भागाहून वेगळा असतो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते.

या सिद्धांताचा एक भाग काळाच्या कसोटीवर टिकला, दुसरा टिकला नाही. गडद करणारा स्राव खरा निघाला. पोष ग्रंथीच्या मध्यखंडातून येणारे मेलॅनोसाइट-उद्दीपक हॉर्मोन (एमएसएच) ते हेच. पोष ग्रंथीतून येणारा फिकट करणारा स्वतंत्र स्राव मात्र सिद्ध होऊ शकला नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीवर मेंदूतील चेतापेशी मध्यखंडाला रोखून धरतात, त्यामुळे एमएसएचचे प्रमाण घटते आणि त्वचा फिकट होते, असे नंतरच्या संशोधनातून दिसले.

फिकट करणारा एक पदार्थ शरीरात असतो, परंतु तो निराळ्या ग्रंथीतून येतो. गुरांच्या तृतीय नेत्रपिंडाचा (पिनियल ग्रंथीचा) अर्क दिल्यास भैरोळे फिकट होतात, हे १९१७ मध्येच मॅककॉर्ड व ॲलन यांनी नोंदवले होते. १९५८ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ॲरन लर्नर यांनी त्यातील क्रियाशील द्रव्य वेगळे केले आणि त्याला मेलॅटोनिन हे नाव मिळाले. ते शोधून काढताना अर्काचा प्रभाव तपासण्यासाठी बेडकाच्या त्वचेचाच उपयोग करण्यात आला. आज झोप व जागृतीच्या चक्राशी जोडले जाणारे हे हॉर्मोन अशा रीतीने बेडकाच्या रंगबदलाच्या अभ्यासातून माणसाला गवसले.

हॉगबेन चाचणी

पोष ग्रंथी काढलेल्या झेनोपसच्या माद्यांचे अंडाशय आकसतात, हे हॉगबेन यांच्या केपटाउनमध्येच लक्षात आले होते. उलट, पोष ग्रंथीच्या अग्रखंडाचा अर्क टोचला तर धडधाकट मादी अंडी घालते, असे त्यांनी १९३० मध्ये नोंदवले. बंदिस्त जागेत नरापासून दूर ठेवलेली मादी एरवी सहसा अंडी घालत नाही. त्यामुळे अंडी दिसली की ती टोचलेल्या द्रव्यामुळेच आली, असा निष्कर्ष काढता येतो.

गर्भवती स्त्रीच्या मूत्रात असाच परिणाम घडवणारे हॉर्मोन असते, हे बर्लिनमधील आशहाइम व झोंडेक यांच्या १९२० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या संशोधनामुळे ठाऊक झाले होते. त्यांच्या चाचणीत उंदरांना मूत्र टोचून काही दिवसांनी त्यांना मारावे लागे आणि अंडाशय तपासावे लागत. सशांवरील चाचणीतही प्राण्याचा बळी जाई. झेनोपसच्या चाचणीत मादीच्या पाठीकडील त्वचेखालच्या लसिका कोशात मूत्रापासून तयार केलेले द्रावण टोचत. स्त्री गर्भवती असल्यास साधारणतः अर्ध्या ते पाऊण दिवसात पाण्यात मोहरीसारखी अंडी दिसत. बेडूक जिवंत राही आणि काही आठवड्यांच्या विश्रांतीनंतर पुन्हा उपयोगी पडे.

या चाचणीच्या श्रेयावरून वाद झाला. केपटाउनच्या हिलेल शपिरो व हॅरी झ्वारेनस्टाइन यांनी १९३३ मध्ये तिची घोषणा केली, तर लंडनमध्ये हॉगबेन यांच्या विभागात काम करणाऱ्या चार्ल्स बेलर्बी यांचा निबंध १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ कल्पना आपली असल्याचे हॉगबेन यांचे म्हणणे होते आणि १९४६ मध्येही वैद्यकीय नियतकालिकातून त्यावर लिहिले जात होते. चाचणी अखेर त्यांच्याच नावाने ओळखली गेली. मात्र मानवी गर्भनिदानासाठी तिची सिद्धता करणारे शपिरो, झ्वारेनस्टाइन व बेलर्बी यांचा वाटा त्यात निर्विवाद आहे. १९६० च्या दशकात प्राण्यांचा उपयोग न करणाऱ्या रक्तरसविषयक चाचण्या आल्या आणि बेडकाची गरज संपली.

आनुवंशिकता व परिस्थिती

१९३० मध्ये हॉगबेन यांची लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये सामाजिक जीवशास्त्राच्या अध्यासनावर नियुक्ती झाली. सुप्रजाजननाची चळवळ त्या काळी ब्रिटनमध्ये प्रतिष्ठित होती. गरिबी, गुन्हेगारी आणि बौद्धिक मागासलेपण ही जन्मजात असून गरिबांची प्रजावाढ रोखली पाहिजे, असे तिचे अनेक पुरस्कर्ते मानत. हॉगबेन यांनी ‘जेनेटिक प्रिन्सिपल्स इन मेडिसिन अँड सोशल सायन्स’ (१९३१) आणि ‘नेचर अँड नर्चर’ (१९३३) या ग्रंथांत या मांडणीतील तर्कदोष दाखवले.

त्यांचा मुख्य मुद्दा असा की एखाद्या गुणात आनुवंशिकतेचा वाटा इतके टक्के व परिस्थितीचा वाटा इतके टक्के, अशी सरसकट विभागणी करता येत नाही. उदाहरणादाखल त्यांनी फळमाशीचे प्रयोग घेतले. विशिष्ट जनुकांमुळे माशीच्या संयुक्त डोळ्यातील नेत्रकांची संख्या घटते. पण ती किती घटते हे माशी कोणत्या तापमानात वाढली यावर अवलंबून असते आणि तापमानाचा हा परिणामही जनुकांनुसार बदलतो. म्हणजे दोन कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. या विषयावर संख्याशास्त्रज्ञ रोनल्ड फिशर यांच्याशी त्यांचे मूलभूत मतभेद झाले. आनुवंशिकतेच्या चर्चेत हा मुद्दा आजही महत्त्वाचा मानला जातो.

बेडकाच्या रंगाचा अभ्यास याच विचाराशी सुसंगत आहे. बेडकाचा ‘खरा’ रंग काळा की पांढुरका, हा प्रश्नच तेथे निरर्थक ठरतो. रंगपेशी आणि ग्रंथी वारशाने मिळतात. त्या पेशींतले कण कोणत्या क्षणी कोठे असतील, हे डोळ्यांसमोरची पार्श्वभूमी ठरवते.

१९३६ मध्ये हॉगबेन रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. १९३७ मध्ये ते स्कॉटलंडमधील ॲबर्डीन विद्यापीठात निसर्गेतिहासाचे प्राध्यापक झाले. त्यांच्यानंतर लंडनमधील सामाजिक जीवशास्त्राचा विभाग बंद करण्यात आला.

लोकांसाठी लेखन

गणित व विज्ञान ही मूठभरांची मिरासदारी राहिली तर लोकशाही दुबळी होते, अशी हॉगबेन यांची धारणा होती. ‘मॅथेमॅटिक्स फॉर द मिलियन’ (१९३६) या ग्रंथात त्यांनी गणिताची वाढ शेती, बांधकाम, नौकानयन व व्यापार यांच्या गरजांतून कशी झाली ते सांगितले. भारतीयांनी दिलेले शून्य व स्थानमूल्य पद्धती यांचे मोलही त्यांनी त्यात अधोरेखित केले. जे. एफ. हॉराबिन यांच्या चित्रांनी सजलेल्या या ग्रंथाच्या लाखो प्रती खपल्या. त्यापाठोपाठ ‘सायन्स फॉर द सिटिझन’ (१९३८) प्रसिद्ध झाला. फ्रेडरिक बॉडमर यांच्या ‘द लूम ऑफ लँग्वेज’ या भाषाविषयक ग्रंथाचे संपादन त्यांनी केले. ‘इंटरग्लॉसा’ (१९४३) या पुस्तकात त्यांनी ग्रीक व लॅटिन धातूंवर आधारलेल्या, सोप्या व्याकरणाच्या आंतरराष्ट्रीय भाषेचा आराखडा मांडला. त्यातूनच पुढे ग्लोसा ही कृत्रिम भाषा विकसित झाली.

उत्तरायुष्य

एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केले तेव्हा हॉगबेन व्याख्यानासाठी आपल्या मुलीसह तेथेच होते. ते स्वीडनमध्ये निसटले आणि सोव्हिएत संघ, जपान व अमेरिका असा पृथ्वीला वळसा घालून मायदेशी पोहोचले. पुढे ते बर्मिंगहॅम विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. तरुणपणी सैन्यभरती नाकारून तुरुंगात गेलेल्या हॉगबेन यांनी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय आकडेवारीची जबाबदारी सांभाळली. १९४७ ते १९६१ या काळात ते बर्मिंगहॅम येथेच वैद्यकीय संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. संख्याशास्त्रातील रूढ पद्धतींच्या पायाची चिकित्सा करणारा ‘स्टॅटिस्टिकल थिअरी’ हा त्यांचा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९५७ मध्ये एनिड चार्ल्स यांच्याशी त्यांचा घटस्फोट झाला आणि त्यांनी सारा जेन रॉबर्ट्स या निवृत्त मुख्याध्यापिकेशी विवाह केला. १९६३ मध्ये तत्कालीन ब्रिटिश गयानात नवे विद्यापीठ स्थापन झाले. भारतीय वंशाचे नेते चेदी जगन यांचे सरकार तेथे होते. या विद्यापीठाचे पहिले प्रमुखपद हॉगबेन यांनी अल्पकाळ भूषवले. अखेरची वर्षे त्यांनी वेल्समध्ये काढली. त्यांचे आत्मचरित्र मुलगा व सून यांच्या संपादनाखाली १९९८ मध्ये, मरणोत्तर प्रसिद्ध झाले.

रंगबदलाविषयीचे नंतरचे ज्ञान

हॉगबेन यांनी रंगबदल ‘कसा’ होतो यावर भर दिला. त्यांच्यानंतर ही यंत्रणा रेणूंच्या पातळीपर्यंत उलगडली. एमएसएच काळ्या रंगपेशीच्या पृष्ठभागावर बसले की पेशीत चक्रीय एएमपी या रेणूचे प्रमाण वाढते. त्यामुळे रंगद्रव्याचे कण वाहून नेणारी प्रथिने सूक्ष्मनलिकांच्या मार्गांवरून कणांना बाहेरच्या दिशेने नेतात. मेलॅटोनिनमुळे चक्रीय एएमपी घटते आणि कण परत मध्याकडे ओढले जातात.

अनेक बेडकांच्या त्वचेत रंगपेशींचे तीन थर असतात. सर्वांत वर पिवळ्या रंगद्रव्याच्या पेशी, मध्ये प्रकाश परावर्तित करणाऱ्या स्फटिकांच्या पेशी आणि तळाशी काळ्या पेशी. मधल्या थरातून परतणारा निळसर प्रकाश पिवळ्या थरातून गाळला गेला की त्वचा हिरवी दिसते. काळ्या पेशींतील कण मधल्या थरावर पसरले की तीच हिरवी त्वचा तपकिरी होते. काही मिनिटांत ते काही तासांत होणाऱ्या या बदलाखेरीज एक संथ बदलही असतो : बेडूक दीर्घकाळ काळ्या पार्श्वभूमीवर राहिला तर त्याच्या त्वचेतील रंगद्रव्याचे व रंगपेशींचे प्रमाणच वाढते.

रंग ‘का’ बदलतो याची कारणे एकाहून अधिक आहेत. पहिले कारण शत्रूच्या नजरेपासून बचावाचे. पार्श्वभूमीशी जुळलेल्या रंगाचा खरोखर बचावासाठी उपयोग होतो, हे कॅलिफोर्नियातील फ्रान्सिस समनर यांनी १९३० च्या दशकात माशांवर प्रयोग करून दाखवले. दुसरे कारण तापमानाचे : गडद त्वचा उष्णता अधिक शोषते, फिकट त्वचा ती परतवते. तिसरे कारण प्रजननाचे. युरोपातील मूर बेडकाचे नर विणीच्या मोजक्या दिवसांत निळे होतात. महाराष्ट्रात पहिल्या दमदार पावसानंतर पाणी साचलेल्या शेतांत मोठ्या भारतीय बेडकाचे नर पिवळेधमक दिसतात व त्यांच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या ध्वनिपिशव्या निळ्या होतात. एरवी हेच बेडूक हिरवट-तपकिरी असतात.

वारसा

गर्भनिदान चाचणीमुळे झेनोपस जगभरच्या रुग्णालयांत व प्रयोगशाळांत पोहोचला. चाचणी कालबाह्य झाली तरी वर्षातल्या कोणत्याही दिवशी हॉर्मोन टोचून अंडी मिळवण्याची सोय असल्याने भ्रूणविज्ञानात त्याचे महत्त्व वाढतच गेले. जॉन गर्डन यांनी प्रौढ पेशीतील केंद्रक अंड्यात रोपून नवा जीव वाढवण्याचे जे प्रयोग १९६२ मध्ये प्रसिद्ध केले व ज्यांसाठी त्यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच बेडकावर झाले होते.

या प्रसाराची दुसरी बाजूही आहे. प्रयोगशाळांतून निसटलेले किंवा सोडून दिलेले झेनोपस अनेक देशांत स्थिरावले आणि तेथील स्थानिक जलचरांना उपद्रवकारक ठरले. बेडकांच्या असंख्य जातींना संकटात टाकणाऱ्या कायट्रिड या बुरशीचा फैलाव त्यांच्या व्यापारातून झाला असावा, अशी शक्यता २००४ मध्ये मांडण्यात आली. दक्षिण आफ्रिकेतील १९३८ च्या एका जतन केलेल्या झेनोपसमध्ये ही बुरशी आढळली होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने मात्र या बुरशीचे मूळ पूर्व आशियात असल्याचे दाखवले. उभयचर प्राण्यांच्या जागतिक व्यापाराने तिच्या प्रसाराला हातभार लावला, याविषयी संशोधकांत सर्वसाधारण एकमत आहे.

हॉगबेन यांच्या कार्याची व्याप्ती प्राणिशास्त्रापासून भाषानिर्मितीपर्यंत असली, तरी त्यांच्या वैज्ञानिक लौकिकाचा पाया बेडकाच्या त्वचेवरील प्रयोगांनीच घातला. शरीरातील दूरच्या भागांमध्ये रक्तावाटे चालणारा रासायनिक संवाद जिवंत प्राण्यात उघड्या डोळ्यांनी पाहता येईल आणि अंकांत मोजता येईल, असे साधन त्या प्रयोगांनी अंतःस्रावविज्ञानाला मिळवून दिले.